जेवलं का संपलं

बाबा, काल माझं वजन चौऱ्याहत्तर किलो भरलं. गेल्या दिवाळीत ते त्र्याऐंशी होतं. लग्नात मी एक्कावन्न किलोची होते, आणि हळदीला तुम्ही सगळ्यांदेखत म्हणाला होतात की पोरीच्या अंगावर मांस नाही, लोक म्हणतील बापाने खायला घातलं नाही. खायला तर तुम्ही घातलंतच. ते कसं घातलंत, तेच आज लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, होळी गावातली आपली फुला-भाजीची वाडी आता भाऊ बघतो, तेव्हा मला मध्येच गप्प करणारं कोणी नाही.

मी दहा वर्षांची आहे. विहिरीवरची मोटार बंद करायला विसरले आणि मोगऱ्याच्या सगळ्या वाफ्यांत पाणी तुंबलंय. तुम्ही ओरडत नाही. तुम्ही कधीच ओरडायचा नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटायची. पालेभाजीच्या जुड्या बांधायला केळीच्या सोपटाच्या, खोडाच्या सालीच्या, पट्ट्या पाण्यात भिजत घातलेल्या असतात. त्यातल्या चार-पाच तुम्ही उचलता, एकत्र पिळता आणि माझ्या पोटऱ्यांवर मारायला लागता. ओलं सोपट पायाला गुंडाळतं आणि सुटताना कातडी ओढून नेतं. आई मध्ये पडते तर तिला अशी एक ठेवून देता की ती पाण्याच्या हंड्यावर जाऊन आदळते आणि तिच्या भुवईतून रक्त येतं. मग तुम्ही हातपाय धुता, स्वतः ताट वाढता, भात, वालाचं बिरडं, सुक्या बोंबलाची चटणी, आणि ते माझ्यापुढे ठेवून उभे राहता. "जेव. ताटात एक शीत ठेवायचं नाय. जेवलं का संपलं." आई पदराने भुवई दाबून धरते आणि मला हळूच म्हणते, "खा गो बाय, खाऊन टाक. उगा परत नको." कारण ताटात काही राहिलं तर तुमच्या लेखी पोरीने मनात राग धरला, आणि राग धरला की दुसऱ्यांदा मार.

आपल्या घरात माफी मागायची रीत नव्हती. ताट साफ झालं की झालेलं झालंच नव्हतं. तासाभराने तुम्ही मला कळ्या खुडायला हाक मारायचात आणि मी जायचे, चक्क हसत जायचे, पायावर वळ घेऊन. पोट भरलेलं असलं की खरोखरच काही आठवायचं नाही. तुम्ही गेलात तेव्हा आई दोन दिवस जेवली नाही. लोक म्हणाले, किती जीव होता नवऱ्यावर. मला वाटतं, तिला पहिल्यांदाच न जेवता राग धरून बसायला मिळालं होतं.

आता वजन कसं वाढलं ते सांगते. बोळिंजच्या एका मोठ्या संकुलाचं ऑफिस मी सांभाळते. गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात दोन दिवस टँकर आला नाही. पाणी आणणं माझ्या हातात नव्हतं, पण शिव्या खायला समोर मीच बसलेली. तिसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या एका माणसाने टेबलावरचं चिकटपट्टी कापायचं जड स्टँड उचललं आणि माझ्या कपाळावर मारलं. तीन टाके पडले. सगळ्यांनी मिटवून घ्या म्हणून सांगितलं आणि मी मिटवलं. त्याच संध्याकाळी घरी येऊन मी उभ्या उभ्या सहा पाव खाल्ले. पुढे दीड वर्ष तेच. ऑफिसचा फोन वाजला की, कोणी आवाज चढवला की मला खायला लागायचं. फरसाण, खारी, काल रात्रीचा भात, काहीही. डॉक्टरांनी साखर काठावर आली म्हणून झापलं. मी लग्नानंतरचा एक पंजाबी ड्रेस कपाटाच्या दारावर टांगला, चालणाऱ्या बायकांच्या ग्रुपमध्ये रोज पावलांचे आकडे टाकले, सकाळी मेथीचं पाणी प्यायले. चार दिवस उत्साह, पाचव्या दिवशी कोणीतरी अंगावर यायचं आणि माझा हात डब्यात. आहार लिहून देणाऱ्या मुलीने शेवटी एक वही करायला लावली. भुकेशिवाय काही तोंडात टाकलंत तर त्याच्या आधी काय झालं ते लिहा, म्हणाली. महिन्याने मी वही चाळली. प्रत्येक पानावर भांडण. मी भांडणं जेवून संपवत होते, बाबा. तुम्ही शिकवलंत तसं.

त्या दिवशी मला जो संताप आला, त्याच्यावर मी नऊ किलो उतरवले. इच्छाशक्ती वगैरे सगळं झूठ. मी रोज सकाळी संकुलाला दहा फेऱ्या मारते आणि प्रत्येक फेरीत तुम्हाला मारते. तुम्ही मोगऱ्यात पालथे पडलेले असता आणि सोपट माझ्या हातात असतं. पाय दुखायला लागले की जोरात मारते, मग आणखी एक फेरी होते. बायका विचारतात, ताई, एवढा उत्साह येतो कुठून? मी सांगते, डॉक्टरांनी घाबरवलंय.

पण असा राग रोज पेटवला की तो फेऱ्यांपुरता राहत नाही. गेल्या रविवारी संकुलाच्या मीटिंगमध्ये दोन तास ओरडणं ऐकून घरी आले. नवरा कामावर होता, घरात मी आणि माझी मुलगी. ती चौदा वर्षांची आहे, तुम्ही तिला पाहिलेलं नाही. मी ओट्याशी उभी राहून चकलीचा डबा रिकामा करत होते. ती दारात आली आणि एवढंच म्हणाली, "मम्मी, परत?" माझ्या हाताशी झारा होता. तो मी तिच्या दंडावर मारला. झाऱ्याची कड लागून दंड लालभडक झाला. आणि नंतर मी काय केलं सांगू? ताट घेतलं, भात वाढला, वरण वाढलं, तिच्यापुढे आदळलं आणि उभी राहिले. "जेव," म्हटलं. तिने ताट सरकवलं. "मला नाही खायचंय. तू मला मारलंस ना, मग जेवायला काय देतेस? सीरियसली, हे काय आहे?" माझा हात पुन्हा वर गेला. तिथेच थांबला. मी ताट उचललं, भात पातेल्यात परत टाकला आणि स्वतःही जेवले नाही.

त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. स्वतःपुरती अंडी उकडून खाते. मी चुकलं म्हटलं, ती "ओके" म्हणाली आणि कानात हेडफोन घातला. घरात भांडण तसंच उघडं पडून आहे आणि मी ते खाऊन संपवत नाही. हा भुकेचा सगळ्यात वाईट आठवडा आहे. पण वजन का उतरवायचं ते आता मला पक्कं कळलंय. खाल्लं की मी विसरते, आणि विसरले की पुन्हा मारीन. ड्रेस, साखर, पावलांचे आकडे, यांतल्या कशाने मी टिकले नसते. याने टिकेन असं वाटतं.

इथवर लिहून मी पहिल्यापासून वाचून पाहिलं. हा कागद तुमच्यापर्यंत यायचा नाही आणि तिला दाखवायची माझी छाती नाही, तरी त्यात एक गोष्ट खोटी लिहिली आहे. वहीतही मी ती लिहिलेली नाही. माझा हात थांबला नव्हता. दुसरा फटका तिच्या पाठीत बसला. तुमच्यापुढे मी दुसऱ्या फटक्याला घास उचलायचे. तिने उचलला नाही, माझ्याकडे नुसती बघत राहिली. मला तिचा फार अभिमान वाटला, बाबा, आणि त्याच क्षणी तिसराही मारावासा वाटला.