पितळी कासवाची ताटली

मी, अनंत देशमाने, वाणिज्य पदवीधर, चाकणच्या एका कारखान्यात लेखापाल. आजची चूक पुन्हा होऊ नये म्हणून हे लिहून ठेवतो.

मुलगी नोकरीसाठी परगावी जाताना तिचे कासवाचे पिल्लू आमच्या हवाली करून गेली. कालपासून त्याने पान खाल्ले नव्हते, डोळेही मिटलेले. अंगात पाणी कमी पडले असावे, असे समजून कामावरून येताच मी टब भरला आणि त्यात त्याला सोडले. ते बुडू लागले. पत्नीने झटकन उचलले.

"अहो, जमिनीवरचं कासव आहे ते! मासा वाटला का तुम्हाला?"

मुलीला काय तोंड दाखवले असते?

देवघरातले पितळी कासव पाण्याच्या ताटलीत असते. पत्नीने ते बाजूला ठेवले, ताटली घासली आणि पिल्लाच्या हनुवटीपर्यंतच येईल इतके कोमट पाणी तीत ओतून त्याला आत ठेवले. आम्ही दोघे जवळच बसून राहिलो. थकव्याने माझे डोळे मिटत होते. त्याने मात्र डोळे उघडले, मान खाली घातली आणि पाणी प्यायले.

पिल्लाला फडक्याने टिपताना मी विचारले, "आता ताटली परत देवघरात ठेवू?"

"राहू दे पिल्लालाच. पितळेला कुठे तहान लागते?"

अ. देशमाने
मोशी, १९ डिसेंबर