निखाऱ्यावरची तुरटी

बाई, इतक्या वर्षांनी तुम्हाला लिहायला बसलेय, तर पहिलं वाक्यच धड होत नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "अगं, आधी कर्ता शोध." कर्ता मीच आहे, म्हणून तर अडतंय.

डोंबिवलीच्या आमच्या चाळीतली ती दुपार. स्वातंत्र्य मिळून दोन-चार वर्षं झालेली. मी नववीत, विषमज्वरातून नुकती उठलेय, आणि इंग्रजीत मागे पडू नये म्हणून शाळा सुटल्यावर तुम्ही आपणहून घरी येऊन शिकवताय. तुम्ही तरुणपणी विधवा झालेल्या. तुमचं मोकळं कपाळ आईला खटकायचं, पण मास्तरणीला कोण बोलणार! चहा मात्र ती आलं घालून द्यायची. त्या दिवशी मला पुन्हा कणकण आली होती. आईने तुरटीचा खडा माझ्यावरून उतरवून शेगडीतल्या निखाऱ्यांवर टाकला. तुरटी वितळून फुगते, आणि तिच्या आकारावरून दृष्ट कुणाची ते ओळखायचं, ही आमच्याकडची रीत. आई श्वास रोखून बघतेय. आणि तुम्ही हाडाच्या शिक्षिका, अशी संधी कशी सोडाल? शेगडीवर वाकून रंगात आलात, "हे बघ, मेल्ट हे क्रियापद. त्याचं मेल्टेड हे रूप नामाआधी जाऊन बसलं की झालं विशेषण! वितळलेलं लोणी, मेल्टेड बटर. ही तुरटीसुद्धा मेल्टेड. पण लोखंड वितळलं तर मोल्टन आयर्न. म्हण बघू." मी म्हटलं. तुम्ही पुन्हा म्हणवून घेतलंत.

आईला त्यातलं अक्षर कळलं नाही. तिला एवढंच दिसलं, की पांढऱ्या लुगड्यातली बाई दृष्टीच्या निखाऱ्यांवर वाकून काहीतरी पुटपुटतेय आणि आपली मुलगी तिच्यामागून तेच म्हणतेय. त्यात तुरटीही मेली नेमकी पदर घेतलेल्या बाईसारखी फुगली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा आई दारातच उभी राहिली. "हिला आता बरंय. तुम्ही नका हो रोज उन्हातान्हाच्या येऊ." तुम्ही तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलंत. मी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. "काल काही चुकलं का माझं?" तुम्ही विचारलंत. "छे, चुकायचंय काय!" म्हणत आईने दार लोटलं. पण चाळीतल्या बायकांना तिने सगळं सांगितलं, आणि तुमच्या घरी शिकायला येणाऱ्या मुली एकेक करून गळाल्या. वर्गात तुम्ही मला प्रश्न विचारेनाशा झालात. रागाने नव्हे, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. त्याची मला अजून लाज वाटते.

आई भोळी होती, तिला इंग्रजी येत नव्हतं, असं मी मुलांना सांगत आले. पण मला येत होतं ना! "अगं आई, त्या लोणी आणि लोखंड म्हणत होत्या," एवढं बोलले असते तरी भागलं असतं. तुम्ही हयात असतात तरी हे पत्र पेटीत टाकायचा धीर मला झाला नसता. आईच्या धाकाने मी गप्प बसले नाही, बाई. त्या संध्याकाळी माझा ताप चढला, आणि मलाही तुमची भीती वाटली.