रॅमला लावलेलं हळदीकुंकू

जळकोट, ता. तुळजापूर
रविवार, दुपारी सव्वाचार

तीर्थस्वरूप वीरप्पा दाजींना,

भीमाशंकरचा शरणु शरणार्थी. अव्वाचा डावा गुडघा सोडला तर आमच्या घरात सगळं ठणठणीत आहे. तुमची साखर किती आली? (आकडा कळवा. ‘बरी आहे’ असं कळवू नका. बरी म्हणजे किती, ते मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.) इरम्माक्काला सांगा, शेंगाचटणीचा डबा आवडला. म्हणजे रिकामा झाला.

आता कॉम्प्युटरचं. आमच्या पोरीला, श्रीदेवीला, घरांचे नकाशे काढायच्या कोर्सला जागा मिळाली, ते तुम्हाला माहीतच आहे. पण अट अशी होती, की दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी दहाला स्वतःच्या कॉम्प्युटरवर बसून चाचणी द्यायची, आणि जो हजर नसेल त्याची जागा यादीतल्या पुढच्याला. माझ्याजवळ होते पस्तीस हजार. तुम्ही फोनवर म्हणालात, “भीमा, सोलापूरला ये, तयार डबा घे, गॅरंटीचा कागद घे आणि गप घरी जा.” दाजी, तुमचा मान ठेवून सांगतो, मी सत्तावीस वर्षं जळक्या मोटारींत नवी तार भरतोय. (गुरू कुणी नाही. पहिली जळकी मोटार उकलून तिचा एकेक वेढा मोजला, तेच माझं कॉलेज.) असल्या माणसानं सील ठोकलेला डबा आणायचा आणि आत काय आहे ते दुकानदाराच्या तोंडून ऐकून मान डोलवायची? तीन आठवडे वहीत रकाने आखून मी सिद्ध केलं, की सुटे भाग घेऊन जोडलं तर त्याच पैशात दुप्पट रॅम बसते. ते गणित आजही बरोबर आहे.

भाग आले ते नेमके खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. नवमीला आमच्या दुकानात हत्यारं कामाला लावत नाहीत, पूजेला मांडतात. पाने, पकडी, कात्री, मल्टीमीटर, सगळं घोंगडीवर ओळीनं मांडलं. अव्वा म्हणाली, “ते नवं हत्यार का बाजूला? त्याला काय सुतक हाय व्हय?” आईचा शब्द, म्हणून तेही मांडलं, खोक्यातून काढून. आता पूजा मी अर्धवट करत नाही. आमच्या दुकानाची रीत अशी, की हत्यार जिथं काम करतं तिथंच बोट लावायचं: पान्याला तोंडावर, कात्रीला पात्यावर. रॅमची पट्टी कुठं काम करते? खालच्या सोनेरी दातांवर. (हे मी अगोदर वाचून ठेवलं होतं.) दोन्ही पट्ट्यांना, दोन्ही अंगांनी, ओल्या बोटानं आधी हळद, मग कुंकू. शिवकन्या म्हणालीसुद्धा, “अवो, जरा कडंला लावा की.” पण बायकोचं ऐकून रीत मोडायची म्हणजे झालंच.

शनिवारी जोडणी केली. पंखा फिरला, दिवा लागला आणि वायर लावलेल्या बैठकीतल्या टीव्हीवर अक्षरं आली: सिग्नल नाही. चार वेळा खोललं, चार वेळा जोडलं. बारा व्होल्टच्या तारेत बारा पॉइंट शून्य चार, म्हणजे सप्लाय चोख. ज्यानं भाग धाडले त्या लातूरच्या दुकानदाराला फोनवर झापलं, की बोर्ड मेलेला दिलास. तो नरमाईनं म्हणाला, “काका, रॅम काढून पुसून बघा.” मी म्हणालो, नव्या पट्टीवर मी धूळ बसू देईन का? (धूळ नव्हतीच. या मुद्द्यावर मी अजून ठाम आहे.)

रविवारची संध्याकाळ झाली. शिवकन्येनं माझा मोबाईल माझ्यापुढं ठेवला. “दाजींना विचारा, सोलापूरचं दुकान किती वाजेपतूर उघडं असतंय.” दाजी, त्या दिवशी मी खरंच पायात चप्पल घातली होती. तेवढ्यात पोरीनं मागून हाक मारली. तिनं रॅम उपसून कंपासपेटीतल्या खोडरबरानं दात घासायला घेतले होते. खोडरबर आधी लाल झालं, मग पिवळं. “अप्पा, हिला कुंकू लागलंय!” सगळ्यांत आधी अव्वा हसली, गुडघा धरून हसली. “मी पूज म्हनलं, दातात भर न्हाय म्हनलं!” पट्ट्या बसवल्या, बटण दाबलं आणि टीव्हीभर चित्र आलं! मी नाचलो असं तिकडं भाची अर्पिताला कुणीतरी कळवलंय, ते चूक आहे. मी फक्त दोन पावलं पुढं आणि दोन मागं गेलो. एक चप्पल पायातच होती.

सोमवारी पोरगी दहाला दहा मिनिटं कमी असतानाच बसली. पन्नासात शेहेचाळीस. जागा पक्की. सरावाला म्हणून तिनं आमच्या दुकानाचा नकाशा काढलाय. दार तीन फूट दाखवलंय, टेपनं ते तीन फूट अर्धा इंच भरतं. तसं तिला सांगितलंय.

अक्काला आणि तुम्हाला वाकून नमस्कार, नातवंडांच्या पाठीवर एकेक थाप.

तुमचा मेहुणा,
भीमाशंकर

ता. क. : रकाने आखताना मॉनिटर धरायचा राहिला. टीव्ही श्रीदेवीकडं असल्यामुळं अव्वाची मालिका आठवडाभर बंद आहे आणि ती माझ्याशी फक्त कानडीत बोलते, तेही पाठ फिरवून. तुमच्या माळ्यावर जुना मॉनिटर आहे म्हणे. पत्र खरं तर त्याचसाठी. वायरसकट पाठवा.

आणखी एक : शेजारचा गोरोबा विचारत होता, कॉम्प्युटर जोडून घेऊ का तयार? मी सांगितलं, डोळे झाकून तयार घे. सगळ्यांच्याच घरी श्रीदेवी नसते.