मुठीच्या आत

प्रिय धाकटे,

तुझी लेक मंगळवारी दुकानात येऊन गेली. पहिल्याच कॅम्पला निघालीय, तेव्हा नजर थेट काचेतल्या सगळ्यात मोठ्या, पाठीला करवतीचे दात असलेल्या चाकूवर. असल्या चाकूने फोटो चांगले निघतात, काम होत नाही, असं मी म्हटल्यावर तिचं नाक तुझ्यासारखंच फुगलं. मग मी तिला तासभर पिडलं. घडीचा चाकू फळं कापायला ठीक, जंगलात सलग पात्याचाच हवा. पातं तळहाताएवढं पुरे, पण जाड हवं. सतत ओलाव्यात राहायचं तर न गंजणारं पोलाद बरं. आणि मूठ कोरड्या हातात कुठलीही छान वाटते, म्हणून तिला बेसिनवर हात भिजवायला लावून सात चाकू धरून बघायला लावले. दुकानभर पाणी झालं.

शेवटी मुख्य गोष्ट सांगितली. पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं असावं. मुठीत दडलेल्या त्या भागाला आपल्या कारखान्यात शेपूट म्हणतात, हे ऐकून ती खूप हसली. मग सहज म्हणाली, की मामा देईल तो चाकू डोळे मिटून घे, असं आईने सांगितलंय. आईचा चाकू मोडला तो तिच्याच धसमुसळेपणामुळे, असंही तू तिला सांगितलंयस म्हणे. मी तिला शनिवारी ये म्हणून सांगितलं आणि त्या दिवशी लवकर शटर ओढलं.

तुझा तो चाकू आठवतोय ना? अक्रोडाची मूठ, तुझ्या पंजाच्या मापाने घासलेली. आठ दिवस मी त्या मुठीवर जीव ओतला होता. बाबा सगळ्यांना कौतुकाने दाखवत होते. आणि दोन दिवसांनी, कॅम्पवर तो मोडून पातं तुझ्या अंगठ्यात घुसल्यावर, दवाखान्यात तुझ्या उशाशी उभे राहून तेच बाबा तुला बोलले, की लाकूड फोडायला चाकूवर ओंडका हाणायला तो काय कुऱ्हाड होता? तू खाली मान घालून म्हणालीस, की चूक माझीच, दादाचं काम चोख असतं. मी तिथेच होतो.

तुझा अंगठा पुन्हा पुरता मिटला नाही. कड्यावर सगळ्यांच्या पुढे चढणारी तू, कॅम्पच्या कचेरीत बसून इतरांचे फॉर्म तपासू लागलीस. त्याबद्दल तू कधी कुरकुर केली नाहीस. केली असतीस तर मी कदाचित तेव्हाच बोललो असतो. पण हेही मी माझी कातडी वाचवायलाच म्हणतोय.

आता ऐक. तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करताना त्याच्या शेपटीला तडा गेला होता. नवं पातं करायला तीन दिवस लागले असते आणि तू सकाळी निघणार होतीस. मूठ तयार होती, सुंदर झाली होती. मी तडकलेला भाग कापून टाकला, उरलेलं दोन बोटं शेपूट सरस लावून मुठीत बसवलं आणि वरून पितळी रिव्हेट मारले. ते फक्त लाकडात होते, दिसायला. बाबांनी विचारलं, तपासलंस का? मी हो म्हटलं. तू ओंडका हाणला नसतास तरी तो आज ना उद्या मोडलाच असता. तुझा काहीही दोष नव्हता, छोटे. एकवीस वर्षं तू माझी चूक आपल्या अंगावर वागवलीस आणि मी वागवू दिली. आता तीच तू लेकीला शिकवते आहेस, हे मात्र मला सोसवेना.

तिच्यासाठी केलेला चाकू शनिवारी तिच्या हाती न देता या पत्रासोबत तुझ्याकडेच पाठवतोय. त्याला मी रिव्हेट मारलेले नाहीत, दोन स्क्रू लावलेत. पेचकसही ठेवलाय. मूठ खोलून पोलाद टोकापर्यंत आहे की नाही ते आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघ. त्याखाली कापडात तुझी जुनी मूठ आहे, आतलं दिसावं म्हणून मी मधोमध चिरलेली. तीही बघ. मग वाटलं तरच लेकीच्या हातात माझा चाकू दे.

तुझाच,
दादा