मुबीनचा वाढदिवस

चाकण, रविवार, १५ जून २०२५, सकाळी साडेदहा

ती. विजयश्रीताईस नमस्कार,

युनिफॉर्म भिजत घालून लिहायला बसलो आहे. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

काल खोलीत मारामारी झाली. सुरुवात मी केली, म्हणून मीच कळवतो.

माझ्या खोलीतल्या मुबीनचा वाढदिवस होता. इथे ज्याचा वाढदिवस असतो त्याला मित्र धरून लाथा मारतात आणि त्याने हसायचं असतं. हे मला माहीत नव्हतं. मी शिफ्टवरून आलो तेव्हा रविराज आणि तिघे त्याला पट्ट्याने मारत होते. तू शिकवलंस तसं मी आधी मुबीनचं तोंड बघितलं. दात दिसत होते, पण डोळ्यांतून पाणी येत होतं. मी कुकर उचलून रविराजच्या तोंडावर मारला. त्याचे दोन दात पडले. मग सगळ्यांनी मला तुडवलं.

"येड्या, बड्डे होता त्याचा!" रविराज रक्त थुंकत ओरडला.

मी मुबीनला विचारलं, "तुला लागत होतं का?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. "नाय रे भावा, मजाक चालली होती."

मी माफी मागितली. माझ्या ऑटिझमचं इथे कोणाला सांगितलेलं नाही.

आज मुबीनने माझ्या पाठीला मलम लावलं. मग सदरा काढून स्वतःची पाठ माझ्याकडे केली. अर्धी ट्यूब तिथेच संपली.

रविराज आता माझ्याशी बोलतो. माझा वाढदिवस कधी असतो, असं हसून विचारत होता. मी सांगितलं नाही, तेव्हा त्याने माझ्या फोनमधून तुझा नंबर घेतला. त्याचा फोन आला तर तारीख सांगू नकोस.

आईला फक्त जेवणाचं सांग.

तुझा भाऊ,
ज्ञानेश