जोड न मिळालेला राजा

वस्ताद, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुमच्याशी बोलावंसं कशामुळे वाटावं, तर एका जपानी कार्टूनमुळे. कार्टून म्हटलं की माझी पोरगी चिडते. "पप्पा, ॲनिमे हाय ते," म्हणते. असेल बाई. त्यात एक राजा आहे. धिप्पाड, पांढऱ्या केसांचा, एवढ्या मोठ्या दरबारात एकटाच बसलेला. त्याला पाडील असं त्या जगात कुणी उरलेलंच नाही. मारामारी कमी आणि बोलणं जास्त, तेही हिंदीतून, आणि एकेक वाक्य असं की खाणाऱ्याचा घास हातातच राहावा. आधी मी नाक मुरडलं. मग तिच्या शेजारी बसलो, आणि पुढे पुढे तिच्यापेक्षा मलाच घाई व्हायला लागली.

पोरगी कुस्ती खेळते, हे सांगायचं राहिलंच. आपल्याच आष्टीच्या तालमीत, तुमच्याच मातीत. पोरींना माती म्हटल्यावर तुमच्या भुवया वर गेल्या असत्या, पण दोन दिवसांनी तुम्हीच तिची मान दाबून बघितली असती. तर यंदाच्या जत्रेत गावासमोर तिची पाठ मातीला लागली, कुस्ती गेली आणि तेव्हापासून ती मातीत उतरेना. "मी न्हाई येणार. सगळे हसत होते." मी रागावलो, समजावलं, तिच्या आईकरवी वशिला लावून पाहिला. ढिम्म. खुराकाचं दूध मांजर पिऊन जायचं आणि ही दिवसभर त्या राजासमोर. मला धास्ती एवढीच, की या वयात सुटलेली माती पुन्हा अंगाला लागत नाही.

राजा एकदा म्हणतो, "ज्याला हरवणारं कुणी उरलं नाही, त्याला भेटायलाही कुणी येत नाही." हे ऐकलं आणि मला धर्मापुरीची जत्रा दिसली. हलगी कडाडतेय. तुम्ही हात वर करून मैदानाला फेरी मारताय, जोड मागताय, आणि एवढ्या गर्दीतून एकही पैलवान पुढे येत नाही. तुम्ही पुन्हा फेरी मारता. लोक टाळ्या वाजवतात, आणि तुमचे कपडे छातीशी धरून मी असा उभा, की जणू मलाच कुणी भीत होतं. परतताना जीपमध्ये मी म्हणालो, "वस्ताद, तुमच्यापुढं यायची कुणाची टाप न्हाई. लई भारी!" तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंत. "भारी कशाचं बे? मातीत एकट्याला लोळता येतंय, कुस्ती न्हाई खेळता येत." मला वाटलं, म्हातारा माजलाय, कौतुकसुद्धा पचत नाही त्याला. आता राजा म्हणतो, "मी थोर आहे असं तुम्ही समजता. मला या गादीवरून उठवायला कुणी आलं नाही, एवढंच." ही वाक्यं लिहिणारा जपानी माणूस कधीतरी आपल्या आष्टीला मुक्कामाला येऊन गेला असावा, अशी माझी पक्की शंका आहे.

चेल्याला सगळं शिकवावं, पण एक डाव आपल्याजवळ राखून ठेवावा, ही वस्तादांची जुनी रीत. चेला उद्या उलटला तर तोच कामी येतो. तुम्ही मात्र सगळ्या तालमीसमोर मला पुढे बोलावलंत आणि तो राखीव डावच शिकवायला घेतलात. जुनी माणसं हबकली. "वस्ताद, असं कावून करता? उद्या हाच पाडील तुमाला." तुम्ही लंगोट आवळत म्हणालात, "मग आता मी खेळू तरी कुणासंगं?" केवढं मोठं मन होतं तुमचं! किती दिवस माझ्याकडून तो डाव घासून घेतलात, आणि एका सकाळी मी खरंच तुम्हाला चितपट केलं. पोरांनी मला खांद्यावर घेऊन तालीमभर नाचवलं. तुम्ही मातीत पडल्या पडल्या हसत होता. तुम्हाला हसताना मी त्याआधी पाहिलंच नव्हतं.

शेवटच्या भागात राजा पडतो. त्याला पाडते एक पोरगी, जी आधी त्याच्याकडूनच हरून गेलेली असते. पडल्यावर तो म्हणतो, "किती वाट बघायला लावलीस." माझी पोरगी ते बघून तिथेच आडवी झाली. मग मी तिला तुमची गोष्ट सांगितली, आणि तो डाव अजून तिला दाखवलेला नाही हेही सांगितलं. ती ताडकन उठून बसली. "मग दाखवा की. कुणासाठी ठेवलाय?" दुसऱ्या दिवशी माझ्याआधी ती तालमीत हजर होती. त्यानंतर एकही सकाळ चुकवली नाही तिने.

आज तिने मला उचलून आपटलं. पाठ पूर्ण टेकली, शंकाच नाही. बाकीच्या पोरी ओरडायला लागल्या. मी पडल्या पडल्या हसलो, अगदी तुमच्यासारखा. पण ती नाचली नाही. तशीच गुडघ्यावर बसली आणि माझा खांदा चाचपत म्हणाली, "पप्पा, लागलं का हो?" मी न्हाई म्हणालो.

हा कागद कुठल्या टपालपेटीत टाकायचा नाही, म्हणून खरं लिहितो. लागलं होतं, वस्ताद. खांद्यालाही आणि आतही. तुम्हालाही लागलं असणार. मी तुम्हाला विचारलंच नाही.