अडुळशाचा अर्धा पेला

गोंदिया,
ता. १० डिसेंबर १९३४

तीर्थस्वरूप दादास धाकट्या अनुसयाचा साष्टांग नमस्कार. वहिनी, रुख्मा आणि गोठ्यातली मंडळी खुशाल असतील. धानाची चुरणी आटोपली का?

तू म्हणशील, काम पडलं की हिला भाऊ आठवतो. आठवतोच. आपल्या बोडीच्या पाण्याकाठी, पाळीवरच्या अडुळशाची पानं पाठव, पिवळी पडलेली, जुनी. देवरीच्या बाजारात जंगलातला मध येतो, तोही एक शिसा भरून. इथे मधाच्या नावाखाली गुळाचं पाणी गळ्यात मारतात.

खेमराजला दिवाळीपासून खोकला आहे. विडीच्या कारखान्यात तंबाखूच्या गोदामावर बसतो, ती धूळ नाकातोंडात जाते, दुसरं काही नाही. छातीत कफ घट्ट बसलाय. घशाशी येतो आणि तिथेच अडतो. मी पानं वाफवून रस काढते, मध-पिंपळी घालून पाजते, छातीला कोमट तेल चोळून ओव्याच्या पुरचुंडीने शेकते. तेव्हा कुठे कफ सुटतो. थुंकायला कोपऱ्यात राखेचं गाडगं ठेवलंय. ते रोज मीच रिकामं करते, भांडेवालीला हात लावू देत नाही.

वैशाखात रुख्मा सून होऊन येईल, तोवर पोरगा ठणठणीत होतो की नाही बघ. ती पाळण्यात होती तेव्हाच मी तिला मागून ठेवलं होतं. हे गेल्यापासून एवढ्या एका गोष्टीच्या आशेवर मी दिवस काढले आहेत.

तुझी,
अनुसया

गोंदिया,
ता. ४ जानेवारी १९३५

तीर्थस्वरूप दादास साष्टांग नमस्कार.

पानं आणि मध पोचले. पुडक्याची गाठ बघूनच ओळखलं की रुख्माने बांधलंय. पण पानं संपली रे. या वेळी गोणीभर पाठव, सोबत बेहडा आणि ज्येष्ठमध. थंडीने कफ वाढला आहे.

डॉक्टरला दाखवलं का, असं तू दोनदा लिहिलंस. साध्या खोकल्याला डॉक्टर कशाला? थंडी सरली की खोकला सरेल.

एक गंमत सांगते. तुझ्या जावयाला पान खायची सवय लागली आहे! राखेत लाल डाग दिसले तेव्हा चोरी पकडली. चांगली खरडपट्टी काढली. वहिनीला सांगू नकोस, नाहीतर जावई रंगेल निघाला म्हणून कपाळाला हात लावेल.

आता मुद्द्याचं. माझी मनगटं दुखतात, पाटा-वरवंटा होत नाही. रुख्माला पंधरा दिवस पाठव. लग्नाआधी पोर तिथे कशाला, असं लोक म्हणतील. म्हणोत. सून व्हायच्या आधी ती माझी भाची आहे. आपल्या गड्याला, बिसरामला, सोबत दे. आमगावपर्यंत बंडी, पुढे रेल्वे. मी ठेसनावर उभी राहते.

तुझी,
अनुसया

गोंदिया,
ता. २८ मार्च १९३५

दादा,

नमस्कार लिहायला हात धजत नाही.

तुझं पत्र काल आलं. होळीपासून रुख्मा खोकते, कफ सुटत नाही, आता आत्यानेच काढा करून पाठवावा, असं तू थट्टेने लिहिलंस. ते वाचल्यापासून घरात चूल पेटलेली नाही.

खेमराज पान खात नाही. कधीच खाल्लं नाही.

तुला दुसरं पत्र लिहिलं त्याच्या आठ दिवस आधी मी त्याला इस्पितळात नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "माँजी, इसके बर्तन अलग रखो." आजाराचं नाव सांगितलं. ते मी घरात उच्चारलं नाही, तुला लिहिलं नाही, देवापुढेसुद्धा घेतलं नाही. क्षय. आज लिहिलं.

भांडी वेगळी केली असती तर शेजाऱ्यांना कळलं असतं. शेजाऱ्यांकडून तुला कळलं असतं, आणि तू लग्न मोडलं असतंस. मला वाटलं, लग्न झालं की पोरगा उमेद धरेल. कफ सुटतोय म्हणजे रोग सुटतोय, असं मी मनाला समजावत होते.

आता जे लिहिते ते वाचताना वहिनीला जवळ बसू देऊ नकोस. रुख्मा आली, तिने काढा हाती घेतला. खेमराज अर्धा पेला प्यायचा आणि कडू म्हणून खाली ठेवायचा. पहिल्याच दिवशी ती त्याला हसली. "एवढे काऊन भेऊन राहिले? हे पाहा, मी पिऊन दाखवतो!" आणि उरलेला अर्धा पेला तिने घटाघटा पिऊन टाकला. तो लाजला, हसला. किती महिन्यांनी हसला होता!

मी दारात उभी होते. "पोरी, ठेव तो पेला" हे शब्द अगदी जिभेवर आले होते. पण ओरडले असते तर कारण सांगावं लागलं असतं. मी आत जाऊन भात बघितला.

पुढे तो त्यांचा खेळच झाला. अर्धा त्याचा, अर्धा तिचा. पंधरा दिवस, दादा. रोज मी बघितलं.

लग्न मोड. अनुसयानेच मोडलं, तिचं डोकं फिरलं, असं गावात सांग. खेमराज आता उठत नाही. रुख्मा कधी येते विचारतो, मी वैशाखात म्हणते.

तू घरगुती काढ्यावर राहू नकोस. मी राहिले. बंडी जुंप आणि पोरीला सरळ इस्पितळात आण. माझ्या घरी उतरू नकोस, दारावरूनही नेऊ नकोस. तिचा पेला वेगळा ठेव, लोक बघोत. तिला राखेचं गाडगं दे आणि ते रोज सकाळी तू स्वतः बघ. उजेडात नेऊन बघ.

मला शिव्या दे, पण काय दिसलं ते लिही. आणि लाल दिसलं, तर दादा, रुख्मा पान खायला लागली असं मला लिहू नकोस.

तुझी बहीण म्हणून सही करायचा हक्क राहिला नाही.

खेमराजची आई